वाचकांचे प्रश्न: पोस्टरवर काय ठेवायचं आणि काय काढायचं

मागच्या अंकात नवीन बिझनेसची कल्पना दुसऱ्यासमोर कशी मांडायची यावर लिहिलं होतं, त्यावर जी पत्रं आली त्यातली निम्मी तरी पोस्टरबद्दल होती, म्हणून यावेळी फक्त पोस्टर. पत्रं थोडी कापून घेतलीयेत, नावं छापत नाहीये.

प्रश्न: ताई नमस्कार. आम्ही चौघं मिळून कॉलेजच्या बी-प्लॅन (बिझनेस प्लॅन) स्पर्धेत उतरतोय. आयडिया अशी की ड्रिल मशीन, शिडी, ग्राइंडर असली हत्यारं प्रत्येक घराने विकत घेण्यापेक्षा एका जागी ठेवायची आणि लायब्ररीसारखी एक-दोन दिवसांसाठी भाड्याने द्यायची. ए१ साइजचं पोस्टर लावायचंय, जज समोर आले की ३ मिनिटं बोलायचं, आणि बाकी वेळ येणारे-जाणारे लोक बघणार. पोस्टर सोबत पाठवलंय. त्यात बिझनेस मॉडेल कॅनव्हास (अख्खा धंदा ९ चौकोनांत मांडायचा तक्ता), स्वॉट (बलस्थानं, उणिवा, संधी, धोके), मार्केट साइज, ५ वर्षांचं प्रोजेक्शन (पुढच्या कमाई-खर्चाचा अंदाज), टीमचे फोटो सगळं घेतलंय. एक मैत्रीण म्हणते फार गर्दी झालीये, पण बाकीचे म्हणतात काही काढलं तर मार्क जातील. कोणाचं ऐकू?

उत्तर: मैत्रिणीचं ऐका. तुमचं पोस्टर मी आधी मोबाईलवर पाहिलं, मग प्रिंट काढून पाहिलं, आणि दोन्ही वेळा तुम्ही हत्यारं भाड्याने देणार आहात हे मला तिसऱ्या कॉलमात कळलं. मी तर मुद्दाम वाचायला बसले होते. समोरून चालत जाणारा माणूस तिसऱ्या कॉलमापर्यंत येणारच नाही.

आता तुमची अडचण मला पूर्ण समजते. तुम्ही चौघांनी महिना-दोन महिने खपून हे सगळं काढलंय, प्रत्येक आकड्यामागे कोणाची तरी रात्र गेलीये, मग ते कापायचं म्हणजे जिवावर येतं. पण ते काम कुठे वाया जात नाहीये, ते तुमच्या बोलण्यात येणार आहे, जजने विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तरात येणार आहे. पोस्टरच्या बाजूला तुम्ही स्वतः उभे आहात हे धरून पोस्टर करा. त्याने माणसाला थांबवायचं आणि पहिला प्रश्न विचारायला लावायचं, एवढं झालं की पुढचं तोंडाने.

कॅनव्हासच्या ९ चौकोनांचं म्हणाल तर ते स्वतः विचार करायला फार चांगलं साधन आहे, त्यात आपल्याला कुठलं उत्तर अजून सापडलेलं नाही ते लगेच दिसतं. पण तो कॅनव्हास जसाच्या तसा पोस्टरवर चिकटवला की वाचणाऱ्याला ९ सारख्या खिडक्या दिसतात आणि कुठून आत शिरायचं ते कळत नाही. स्वॉटचंही तेच. काढा दोन्ही, आणि ए४ कागदावर छापून हातात ठेवा.

काढत जाण्यावरून एक जुनी गोष्ट सांगते, पोस्टर शिकवताना ती हमखास येते. १९०६ च्या आसपास बर्लिनमध्ये प्रीस्टर नावाच्या काड्यापेटीच्या पोस्टरसाठी स्पर्धा होती. लुसियन बर्नहार्ड या तरुण मुलाने त्यात भाग घेतला. त्याच्या पहिल्या चित्रात टेबल होतं, अ‍ॅशट्रे होता, पेटलेला सिगार होता, धुरातून उमटणाऱ्या नाचणाऱ्या मुली होत्या. मग त्याने एकेक वस्तू काढायला सुरुवात केली, मुली गेल्या, सिगार गेला, टेबल गेलं, आणि शेवटी मोठ्या दोन काड्या आणि वर कंपनीचं नाव एवढंच उरलं. ते जिंकलं, आणि पुढे जर्मनीत पोस्टरची एक अख्खी शैली त्या वाटेने गेली. तुम्ही पण असंच करून बघा, एकेक गोष्ट झाकायची आणि ज्याला काहीच माहीत नाही अशा माणसाला विचारायचं की आम्ही काय करतो ते कळतंय का. कळत असेल तर झाकलेलं झाकलेलंच राहू दे.

आता मथळा. तुमचा आत्ताचा मथळा आहे ‘अर्बन हाउसहोल्डसाठी इनोव्हेटिव्ह कम्युनिटी-बेस्ड शेअरिंग सोल्यूशन’. याच्यात ड्रिल नाही, शिडी नाही, भाडं नाही, आणि घरातल्या माणसाची अडचण पण नाही. हाच मथळा सायकलवाल्यांना लावा, पुस्तकवाल्यांना लावा, कुठेही बसेल, आणि जो मथळा कुठेही बसतो तो तुमचा नाही. तुमच्याच पत्रात खाली एक वाक्य होतं की लोक दोन भोकं पाडण्यासाठी अख्खं मशीन विकत घेतात आणि मग ते माळ्यावर पडून राहतं. अहो हाच तुमचा मथळा! ‘दोन भोकं पाडायला अख्खं ड्रिल मशीन कशाला विकत घ्यायचं?’ आणि त्याखाली जरा लहान अक्षरात, ‘आमच्याकडून एक दिवसासाठी न्या, काम झालं की परत द्या.’ संपलं, अडचण पण आली आणि उपाय पण आला, आणि माळ्यावर मशीन पडून असलेला माणूस तिथेच थांबणार.

मथळ्याखाली एक मोठं चित्र, एकच. नंतर पुरावा. पुरावा म्हणजे तुम्ही स्वतः जाऊन लोकांना विचारलंय त्याचा आकडा. समजा ३० घरांत विचारलंत आणि त्यातल्या २० घरांत मशीन आहे पण गेल्या वर्षभरात २ वेळांपेक्षा जास्त वापरलेलं फक्त ५ घरांत, तर हा छोटासा खरा आकडा तुमच्या त्या अब्जावधीच्या मार्केट साइजपेक्षा कितीतरी वजनदार आहे. मार्केटचा मोठा आकडा इंटरनेटवरून कोणीही उचलतो, आणि जजने असे आकडे दिवसभरात प्रत्येक टेबलावर पाहिलेले असतात. किती लोकांना विचारलं ते मात्र तिथेच लिहायचं, नुसतं ‘६७ टक्के लोक म्हणतात’ असं लिहून किती जणांपैकी ते लपवायचं नाही, कारण विचारलं गेलं की चेहरा पडतो आणि मग बाकीच्या खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास जातो.

त्यानंतर पैसे कुठून येणार हे दोन ओळींत. पाच वर्षांच्या प्रोजेक्शनचा तक्ता काढा, त्याऐवजी एका मशीनचा हिशोब द्या, मशीन केवढ्याला आलं, एका दिवसाचं भाडं किती, दुरुस्तीला किती धरले, आणि किती वेळा भाड्याने गेलं की पैसे वसूल. हा हिशोब कोणालाही उभ्या उभ्या तपासता येतो. आणि सगळ्यात शेवटी तुम्हाला काय हवंय ते. तुमच्या पोस्टरवर हे कुठेच नाहीये! जागा हवीये, पहिले मेंबर हवेत, कोणी अनुभवी माणूस सल्ल्याला हवाय, की पैसे हवेत, जे असेल ते सरळ लिहा, लाजायचं काही कारण नाही. तुम्ही मागितलंच नाही तर समोरच्याने द्यायचं काय?

मार्कांची भीती उरतेच, त्यावर एक उपाय आहे. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत सायकॉलॉजीची पीएचडी करणाऱ्या माइक मॉरिसनने रिसर्चच्या पोस्टरसाठी एक मांडणी सुचवली आणि ती खूप पसरली. मधला मोठा भाग पूर्ण मोकळा, त्यात मोठ्या अक्षरांत साध्या भाषेत एकच मुख्य गोष्ट, आणि तक्ते, पद्धत, तपशील हे सगळं कडेच्या अरुंद पट्ट्यांमध्ये. तुम्हाला हे सहज जमेल. स्पर्धेच्या नियमात जे मुद्दे हवेतच असं म्हटलंय ते उजव्या पट्टीत बारीक अक्षरांत घ्या, ज्याला बघायचंय तो जवळ येऊन बघेल. नियम मात्र नीट वाचा, कधी कधी आपणच समजून बसतो की हे लागतं आणि ते नियमात नसतंच.

टीमचे चार फोटो काढले तरी चालतील, तुम्ही समोर उभे आहातच ना. नावं आणि कोण काय बघतं ते एका ओळीत पुरे.

अक्षरं केवढी ठेवायची हे विचारलं नाहीये पण सांगून टाकते. पाट्या करणाऱ्यांचा एक जुना ठोकताळा आहे, १० फुटांवरून आरामात वाचायचं असेल तर अक्षर साधारण १ इंच उंच हवं. आता ७२ पॉइंट म्हणजे १ इंच हे खरं, पण त्या इंचात वरच्या वेलांट्या-मात्रा आणि खालचे उकार सगळं बसवलेलं असतं, त्यामुळे देवनागरीत अक्षराचं अंग बरंच लहान येतं, म्हणून मथळा ११५-१२० पॉइंटच्या खाली नेऊ नका. आणि छापायच्या आधी एक सोपी परीक्षा, पोस्टर ए४ वर प्रिंट करायचं, भिंतीला चिकटवायचं आणि साडेतीन फूट लांब उभं राहायचं. ए१ ची बाजू ए४ च्या २.८३ पट असते, त्यामुळे साडेतीन फुटांवरून हा कागद जसा दिसतो तसंच तुमचं खरं पोस्टर १० फुटांवरून दिसणार. मथळा वाचता आला नाही तर वाढवा. खालच्या एक तृतीयांश भागात महत्त्वाचं काही ठेवू नका, लोक समोर उभे राहिले की तो भाग झाकला जातो.

प्रश्न: ताई, माझं पोस्टर मराठीतच करायचंय कारण ज्यांच्यासाठी करतेय ते मराठीच वाचतात. पण प्रिंटिंगवाल्याने फाइल उघडली की वेलांट्या सुटून बाजूला पडतात, जोडाक्षरं तुटतात. दोनदा असं झालं. आता इंग्लिशमध्येच करावं का?

उत्तर: नाही, मराठीतच करा! ज्यांच्याशी बोलायचंय त्यांच्या भाषेत बोलताय हे तुमचं सगळ्यात मोठं भांडवल आहे, फाइलच्या भानगडीसाठी ते सोडू नका. याची बहुतेक वेळा दोनच कारणं असतात. एक, तुम्ही युनिकोडमध्ये, म्हणजे आता मोबाईलवर आणि कॉम्प्युटरवर सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत, टाइप केलंय आणि त्यांच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नाही, किंवा त्यांचं सॉफ्टवेअर जुनं आहे आणि त्याला देवनागरीची जोडाक्षरं जुळवता येत नाहीत. दोन, तुम्ही जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलंय, ज्यात ‘क’ दिसतो तिथे फाइलमध्ये खरं तर इंग्लिशचंच कुठलंतरी अक्षर असतं, तो फॉन्ट नसला की सगळा कचरा दिसतो.

उपाय असा की एडिट होणारी फाइल त्यांना द्यायचीच नाही, पीडीएफ द्यायची, फॉन्ट एम्बेड करून, म्हणजे फॉन्ट फाइलच्या आतच बसवून. आणि सॉफ्टवेअरमध्ये सोय असेल तर देण्याआधी सगळ्या मजकुराचं आउटलाइन करून घ्यायचं, म्हणजे अक्षरांची चित्रं होतात आणि मग तुटायला काही राहत नाही. आउटलाइन केल्यावर मजकूर बदलता येत नाही, म्हणून मूळ फाइल वेगळी जपून ठेवा. पीडीएफ झाली की ती दुसऱ्या मोबाईलवर उघडून ‘प्रत्येक’, ‘दुसऱ्या’, ‘उद्दिष्ट’ असे शब्द बोट ठेवून वाचा, गडबड असली तर ती अशाच शब्दांत आधी दिसते.

फॉन्ट निवडताना मुक्त, बालू २, नोटो सान्स देवनागरी हे तिन्ही फुकट मिळतात, युनिकोड आहेत, आणि जाड-बारीक अशा बऱ्याच वजनांत येतात, त्यामुळे एकाच फॉन्टमध्ये मथळा पण होतो आणि बारीक मजकूर पण. मथळ्याला फार जाड वजन घेऊ नका, ‘क्ष’, ‘ष्ट’, ‘द्ध’ सारख्या अक्षरांच्या पोटातली जागा बुजते आणि लांबून नुसता काळा ठिपका दिसतो. काही फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ आत दिलेले असतात, सॉफ्टवेअरमध्ये भाषा मराठी निवडली की ते येतात, वाचणाऱ्याला कारण कळत नाही पण अक्षर आपलं वाटतं.

इंग्लिशच्या सवयीने होणाऱ्या दोन चुका टाळा. अक्षरांमधलं अंतर वाढवायचं नाही, शिरोरेषेचे तुकडे होतात आणि शब्द शब्दासारखा दिसत नाही. आणि ओळींमधलं अंतर इंग्लिशपेक्षा जास्त ठेवायचं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. फॉन्टच्या आकाराच्या दीडपटीपासून सुरुवात करा आणि डोळ्यांनी ठरवा.

प्रश्न: स्क्रीनवर झकास दिसणारा हिरवा रंग प्रिंटमध्ये एकदम मळका आला, आणि मधला फोटो पण फुटला. चूक माझी की प्रिंटिंगवाल्याची?

उत्तर: बहुतेक कोणाचीच नाही, तपासायचं राहून गेलं एवढंच. माझंही पहिल्या मोठ्या कामात अगदी हेच झालं होतं, पोपटी रंगावर सगळं डिझाइन उभं केलं आणि छापून आलं ते शेवाळी, परत छापायला वेळ नव्हता, तसंच लावलं आणि दिवसभर त्याच्याकडे बघवत नव्हतं. स्क्रीन स्वतः उजेड फेकते, शाई कागदावरचा उजेड गिळते, त्यामुळे स्क्रीनवरचे काही झगझगीत हिरवे, निळे, नारिंगी चार शाईंच्या छपाईत येऊच शकत नाहीत. फाइल सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या त्या चार शाईंच्या रंगांत, बघून रंग निवडा, आणि ए४ चा एक नमुना त्याच मशीनवर काढून घ्या. बारीक मजकूर फक्त काळ्या शाईचा ठेवा, चारही शाई मिसळून केलेला काळा जरा सरकला की अक्षरं धुरकट होतात.

फोटोचं गणित सरळ आहे. ए१ साधारण साडेतेवीस इंच रुंद असतं, त्यावर १०८० पिक्सेल रुंदीचा फोटो पूर्ण पसरवला तर इंचाला ४६ पिक्सेल मिळतात, तो फुटणारच. पोस्टरला इंचामागे १५० तरी हवेत, म्हणजे पूर्ण ए१ साठी साधारण ३५०८ बाय ४९६७ पिक्सेल. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. कडेला चारी बाजूंनी ३ मिलिमीटर रंग जास्तीचा सोडा, कापताना पांढरी रेघ येत नाही. आणि आलेखात ‘हिरवा म्हणजे नफा, लाल म्हणजे तोटा’ एवढ्यावर विसंबू नका, लाल-हिरव्यातला फरक न दिसणारे बरेच लोक असतात, पट्टीवरच शब्द लिहून टाका.

प्रश्न: पोस्टर लावलं आणि कोणी आयडिया चोरली तर? माझं एक छोटं यंत्र आहे, त्याची आतली रचना दाखवल्याशिवाय लोकांना पटणार नाही असं वाटतं.

उत्तर: इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नुसती बिझनेसची कल्पना, म्हणजे अमुक वस्तू भाड्याने द्यायची, तमुक सेवा घरपोच द्यायची, ही कोणाच्या मालकीची होत नाही, तिला पेटंट नाही आणि कॉपीराइटही नाही. तिच्यासाठी घाबरून पोस्टर झाकू नका, अशा कामात ते रोज नीट चालवून दाखवणं हेच अवघड असतं आणि ते कोणी पोस्टर बघून उचलू शकत नाही.

पण यंत्राची रचना खरोखर नवीन असेल तर मात्र थांबा. पेटंटसाठी ती गोष्ट अर्जाच्या आधी जगासमोर आलेली नसावी लागते, आणि चारचौघांत लावलेलं पोस्टर म्हणजे जगासमोर आणणंच. काही ठिकाणी ठरावीक मुदतीची सूट असते, अमेरिकेत स्वतः शोध लावणाऱ्याला १ वर्ष मिळतं, पण युरोपात नियम फार कडक आहे, तिथे अशी सरसकट सूट नाही. तेव्हा आधी पेटंटचं काम करणाऱ्या माणसाला भेटा, आधी अर्ज, मग पोस्टर. अर्ज व्हायचा असेल तर पोस्टरवर यंत्राने काय होतं ते दाखवा, आतून कसं होतं ते नको. किती वेळ वाचतो, किती पाणी वाचतं, आधी आणि नंतर, एवढं पुरतं. ‘आतलं कसं चालतं’ असं कोणी विचारलं तर ‘पेटंटचं काम चालू आहे, त्यामुळे आत्ता सांगता येत नाही’ असं मोकळेपणाने सांगायचं. ज्याला खरंच रस आहे तो याने नाराज होत नाही. आणि हो, बोलताना पण हाच नियम, कारण पोस्टरवर झाकून ठेवलेलं उत्साहात तोंडाने सांगितलं जातं.

प्रश्न: क्यूआर कोड टाकू का? केवढा?

उत्तर: टाका, पण स्कॅन केल्यावर काय मिळणार ते त्याच्या शेजारी लिहा, ‘पूर्ण हिशोब इथे बघा’ वगैरे. जेवढ्या अंतरावरून स्कॅन करायचा त्याच्या एक दशांश तरी रुंद हवा, म्हणजे १ मीटरवरून करायचा तर १० सेंटीमीटर. गडद रंग फिक्या बॅकग्राउंडवर, भोवती कोडमधल्या सगळ्यात बारीक ४ चौकोनांएवढी कोरी जागा. छापलेल्या नमुन्यावर दोन वेगवेगळ्या मोबाईलने करून बघा, आणि लिंक दिवसभर चालू राहील ना तेही. छातीच्या उंचीला लावा, खाली वाकून कोणी स्कॅन करत नाही.

प्रश्न: मी पन्नाशीत स्वतःचं काम सुरू करतेय, वस्तू अजून बनलेली नाही. फोटोच नाही तर पोस्टरवर चित्र कसलं लावू? भाचा म्हणतो एआयने मस्त फोटो करून देतो, खूश झालेल्या ग्राहकांसकट.

उत्तर: भाच्याची मदत घ्या पण ग्राहक नकोत. जे ग्राहक अजून झालेच नाहीत त्यांचे हसरे चेहरे लावले आणि कोणी सहज विचारलं की ह्या बाई कोण, तर तुम्ही काय सांगणार? वस्तूचं चित्र चालेल, फक्त खाली स्पष्ट लिहा, ‘काल्पनिक चित्र, वस्तू तयार होते आहे’. एआयच्या चित्रात मराठी अक्षरं असतील तर नीट बघा, ती बरेचदा अक्षरासारखी नुसती दिसतात, वाचायला गेलं तर अर्थच लागत नाही, तेवढा भाग पुसून स्वतः टाइप करा. गूगलवर सापडलेला कोणाचाही फोटो उचलू नका, वापरायची परवानगी दिलेले फोटो अनस्प्लॅश, पेक्सेल्स, विकिमीडिया कॉमन्सवर मिळतात, विकिमीडियावर अटी वाचा, बऱ्याच फोटोंना काढणाऱ्याचं नाव द्यावं लागतं.

पण मला विचाराल तर तुम्ही हाताने काढलेलं चित्रच लावा. जाड काळ्या पेनाने, कोऱ्या कागदावर, वस्तू आणि ती वापरणारा एक हात, एवढंच. हात काढला की वस्तू केवढी आहे ते आपोआप कळतं. मोबाईलने फोटो नको, स्कॅनरवर ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपके धरून, स्कॅन करून घ्या, म्हणजे ए४ वरचं चित्र ए१ एवढं वाढवलं तरी इंचाला २१० च्या आसपास उरतात आणि रेघ स्वच्छ येते. काढून झालं की मला पाठवा, मथळा आपण मिळून बघू.